पळस, हिरडा, मांजरपाट: गावात नैसर्गिक रंगाईचं लहान युनिट कसं उभारावं

होळीच्या आसपास विदर्भात धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, पळस फुलतो. त्याच सुमारास शहरातल्या कपड्यांच्या ब्रँडकडून आणि घरं सजवणाऱ्यांकडून चौकशा यायला लागतात: नैसर्गिक रंगाचं सुती कापड मिळेल का? बचत गट हो म्हणतो, मोबाइलवर एखादी कृती बघतो, पोतंभर फुलं आणतो, आणि पहिल्याच धुण्यात रंग पाण्यात जातो. ग्राहक परत येत नाही. फुलं वाया जातात ती वेगळीच.

हा लेख सुती कापड रंगवणाऱ्या लहान युनिटसाठी आहे. पाच-सात जणी, दोन मोठी भांडी, दिवसाला तीन ते सहा किलो कापड एवढाच पसारा धरला आहे. टसरची (रानरेशमाची) रंगाई वेगळी, ती इथे घेतलेली नाही. एक नियम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळायचा आहे: रंगाचा माल पडलेला, छाटलेला किंवा कोणीतरी फेकलेला असावा, त्यासाठी झाड तोडलेलं किंवा सोललेलं नसावं. रंगांची यादी या नियमावरून ठरते, फॅशनच्या कॅटलॉगवरून नाही. हा क्रम उलटा झाला की पुढच्या सगळ्या अडचणी सुरू होतात.

१. आधी माल मोजा, मग रंग ठरवा

गावाभोवती तीन-चार किलोमीटरमध्ये काय मिळतं आणि तालुक्याच्या गावातून रोज काय फेकलं जातं, याची एका पानावर यादी करा. प्रत्येक मालासमोर महिना आणि अंदाजे सुके किलो लिहा.

बहुतेक ठिकाणी यादी अशी निघते. धुऱ्यावरची आणि ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवरची पळसाची फुलं, फेब्रुवारी ते मार्च. हिरडा आणि बेहडा, हिवाळ्यात. धायटीची फुलं, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पण जंगलाला लागून असलेल्या गावांतच. धुऱ्यावर छाटलेल्या बाभळीची साल आणि शेंगा. तालुक्याच्या गावातून ज्यूस सेंटरवरची डाळिंबाची सालं, हॉटेलातली कांद्याची टरफलं, आणि दसरा-दिवाळीनंतर मंदिरांतला व दुकानांवरचा झेंडू.

शहरातला हा माल नवखे लोक विसरतात. खरं तर तोच सगळ्यात भरवशाचा, कारण झेंडू सोडला तर बारा महिने मिळतो आणि त्यासाठी जंगलात पाऊल टाकावं लागत नाही. डाळिंबाच्या सालीचा पिवळा पळसापेक्षा जास्त टिकतो, हे इथेच लिहून ठेवा.

आता काय टाळायचं ते. लाल रंग हवा म्हणून बारतोंडीची मुळं खणू नका. आलाचा लाल रंग एकेकाळी मध्य भारतात याच मुळांतून निघायचा, पण त्यासाठी लागवड होत असे. आज जंगलातलं झाड खणलं की ते गेलंच. मंजिष्ठाचंही तसंच. लाल हवाच असेल तर लागवडीचा माल पावतीसह विकत घ्या. ऐन, अर्जुन यांची उभ्या झाडावरची साल काढायची नाही. या दोन झाडांवर टसरचे किडे पोसले जातात, त्यामुळे साल सोलणं म्हणजे भंडारा-गडचिरोलीच्या रेशीम उत्पादकाच्या पोटावर पाय. खैर तोडून कात काढणं तर कायद्याच्याच कचाट्यात जातं.

२. पाणी तपासा

रंगाई फसण्याचं पहिलं कारण पाणी. दोन साध्या चाचण्या करा.

लोखंड: एक चमचा हिरड्याची पूड ग्लासभर कोमट पाण्यात टाका, पाच मिनिटं थांबा. पाणी पिवळसर राहिलं तर ठीक. राखी-निळसर किंवा काळपट झालं तर पाण्यात लोखंड आहे. अशा पाण्यात पिवळा कधीच उजळ येणार नाही, शेवाळी येईल. बोअरचा जुना लोखंडी पाइप हे नेहमीचं कारण.

जडपणा: साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, तर पाणी जड आहे. जड पाणी काही रंगांना चालतं, पण कापड उकळताना साबण वाया जातो आणि कापडावर चिकट पुटं बसतात.

उपाय महागडा नाही. टिनाच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा आणि ते फक्त तुरटीच्या व रंगाच्या भांड्यासाठी वापरा. धुण्या-खंगाळण्याला विहिरीचं चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव जवळ असला तरी कापड तलावात नेऊन धुवायचं नाही. तुरटी आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मासळीच्या पाण्यात जाता कामा नये.

३. जागा आणि सामान

उंचवट्यावरची शेड, पश्चिमेला आडोसा, वाळवायला सावलीच्या दोऱ्या. सामान एवढं लागतं:

- स्टेनलेस स्टीलचे ६० लिटरचे दोन गंज (मोठी पातेली). एक रंगासाठी, एक तुरटीसाठी
- हिराकसासाठी वेगळं प्लास्टिकचं टब, वेगळी काठी, वेगळे हातमोजे
- १० किलोचा काटा आणि १ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा
- थर्मामीटर, पीएच पट्ट्या
- मांजरपाटाच्या गाळण्या, बांबूच्या गुळगुळीत काठ्या
- पूड हाताळायला मास्क
- वही, स्टेपलर, कात्री

जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) गंज घेऊ नका. त्यात धुण्याचा सोडा उकळला की सोडा भांडंच खातो. लोखंडी कढई तर नकोच, सगळे रंग काळवंडतात. आणि स्वयंपाकाची भांडी, चमचे, गाळणी या कामात एकदा आली की परत चुलीवर न्यायची नाहीत. यावर गटात भांडण झालं तरी चालेल, नियम मोडू नका.

जळणासाठी पऱ्हाट्या आणि तुराट्या वापरा. जंगलातल्या लाकडावर उकळलेला रंग पर्यावरणपूरक म्हणून विकणं बरं नव्हे. एप्रिल-मे मध्ये तर बाहेरून काळा रंगवलेला झाकणाचा पिंप उन्हात ठेवला की पाणी पन्नास अंशांच्या पुढे सहज जातं. फुलांचा अर्क काढायला तेवढं पुरतं, जळण फक्त शेवटच्या उकळीला.

४. फुलं गोळा करणं आणि सुकवणं

पळसाखाली पहाटे जुनी साडी किंवा शेडनेट अंथरा, ऊन चढायच्या आत उचला. झाडावर चढून फांद्या झोडपू नका. फांदीवरच्या फुलात मध असतो, त्यावर मैना, शिंजीर आणि खारी येतात, आणि परागीभवन तिथेच होतं. खाली पडलेल्या फुलाचं काम बहुधा झालेलं असतं, रंग मात्र तसाच असतो. एका ठिकाणची सगळी झाडं एकाच दिवशी साफ करू नका, तिसरा हिस्सा तसाच राहू द्या.

मोह वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा पेटवण्याची सवय काही भागांत आहे. पळसाखाली ती अजिबात नेऊ नका. वणवा लागला तर पुढच्या वर्षीचा हिरडाही जातो आणि ग्रामसभेचा विश्वासही.

फूल हातात घेऊन पाहा. नारिंगी पाकळ्यांच्या बुडाशी मखमली, काळपट वाटी असते. ती खुडून बाजूला टाका, पाकळ्या तेवढ्या ठेवा. वाटीसकट उकळलं तर पिवळा मळकट उतरतो. हे किचकट काम आहे, चार जणी बसल्या तरी किलोभर पाकळ्यांना वेळ लागतो, म्हणून हा वेळ किमतीत धरा.

सुकवताना सावलीत, चटईवर, एकच थर. तीन-चार दिवसांत पाकळी चुरचुरीत व्हायला हवी. दहा किलो ओल्या फुलांची साधारण दीड-दोन किलो सुकी होतात. ओलसर असताना पोत्यात भरली तर आतून तपकिरी होऊन बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती पिशवीत कडुनिंबाचा पाला घालून टांगा. झेंडूच्या पाकळ्यांचंही असंच. मंदिराचा झेंडू घेताना दोरे, हळद-कुंकू, अगरबत्तीच्या काड्या आधी वेगळ्या करा. कुंकवाचा एक गोळा गेला तर पूर्ण गंज बिघडतो.

५. परवानग्या आणि कागद

जमीन कोणाची, यावर सगळं ठरतं.

स्वतःच्या वावरातला धुरा असेल तर पडलेल्या फुलांना परवानगी लागत नाही. ई-क्लास किंवा गावठाणातली झाडं असतील तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. तोंडी ‘घेऊन जा’ पुरत नाही, सरपंच बदलले की वाद निघतो.

जंगलातला माल असेल तर दोन वाटा आहेत. गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर गौण वनउपज (लाकूड सोडून जंगलातला इतर माल) ग्रामसभेच्या मालकीची असते. तिचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देऊ शकते. २०१२ मध्ये नियमांत ही सुधारणा झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि नंतर गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या पुष्कळ गावांना. तुमच्या गावाकडे हक्कपत्र आहे का, हे वनहक्क समितीच्या अध्यक्षांना विचारा आणि त्याची प्रत युनिटमध्ये ठेवा. हक्क नसेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी परवानगी घ्या. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर अशा संरक्षित क्षेत्रांच्या गाभ्यातून काहीच आणायचं नाही, पडलेलं फूलसुद्धा नाही.

दुसरा कागद जैवविविधतेचा. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीत पळस, हिरडा, धायटी लिहिलेली आहेत का, किती म्हणून लिहिली आहेत, ते पाहा. नसतील तर तुम्हीच नोंद करवून घ्या. व्यापारासाठी माल उचलणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते, म्हणून आधी जाऊन बोलणं बरं. स्थानिक लोकांना राज्य मंडळाला आगाऊ कळवण्यातून सूट आहे, पण बाहेरची कंपनी तुमच्या नावावर शेकडो किलो उचलायला लागली तर ती सूट तिला लागू होत नाही. मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे, शंका तिथे विचारता येते.

फाइलमध्ये ठेवायचं:

- ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव
- सामूहिक वनहक्काच्या हक्कपत्राची प्रत किंवा वनपरिक्षेत्राची परवानगी
- प्रत्येक खेपेचा वाहतूक परवाना
- हिरडा, तुरटी, कापड यांच्या खरेदी पावत्या
- गटाचं नोंदणी पत्र, बँक पासबुक, आधार, पॅन
- उद्यम नोंदणी

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी वेबसाइट असेल तर ती खोटी.

६. कापड: निवड आणि उकळणं

सुरुवातीला कोरा मांजरपाट घ्या. हातमागाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर नागपूरच्या गांधीबागेत मिळतो. पॉलिस्टर मिसळलेलं कापड रंग धरत नाही. ओळखायची खूण: दोरा जाळा. सुताची राख भुरभुरीत होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

कापड उकळल्यावर आटतं. पाच ते आठ टक्के धरून चाला, म्हणजे १०० मीटर द्यायचं असेल तर १०९ मीटर घ्या. ऑर्डर भरताना चार मीटर कमी पडले, ही तक्रार इथूनच येते.

यापुढची सगळी मापं एक किलो कोरड्या कापडाला आहेत. मध्यम मांजरपाटाचे ते साधारण सहा मीटर होतात. ओल्या कापडाचं वजन कधीही धरू नका.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, कांजी सुटते. सकाळी २० लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २० ग्रॅम साधा साबण घालून तासभर ते दीड तास उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होतं, ते कपाशीतलं मेण आणि मळ. नंतर दोन-तीनदा खंगाळा. तपासणी: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर झालं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा. इथे घाई केली तर पुढे ठिपके आणि पट्टे येतात, आणि मग दोष फुलांना दिला जातो.

७. हिरडा आणि तुरटी

सुताला तुरटी थेट धरत नाही. आधी हिरड्याचं टॅनिन (तुरट द्रव्य) बसलं पाहिजे, मग तुरटी त्याला चिकटते, आणि रंग तुरटीला. रंग उतरण्याच्या दहापैकी आठ तक्रारी ही पायरी गाळल्याने येतात, असं आमचं मत.

हिरडा: बी काढलेल्या हिरड्याची पूड १५० ते २०० ग्रॅम, १० ते १२ लिटर कोमट पाण्यात. कापड मोकळं सोडून बुडवा, पहिला अर्धा तास हलवत राहा, मग रात्रभर ठेवा. सकाळी पिळा, खंगाळू नका, सपाट पसरून वाळवा. रंग फिकट लोणीपिवळा येतो. घडीवर घडी ठेवून वाळवलं तर घडीची रेघ शेवटपर्यंत दिसते. बेहडा वापरला तरी चालतो, छटा किंचित मळकट.

तुरटी: १५० ग्रॅम तुरटी कुटून आधी दोन लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग १५ लिटर करा. पाणी ५० ते ६० अंश. कापड दीड-दोन तास, अधूनमधून उलटंपालटं करत. पिळून वाळवा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. न विरघळलेला खडा कापडाला लागला तर तिथे गडद डाग पडतो.

रंगवायच्या आधी १० लिटर कोमट पाण्यात मूठभर गव्हाचा कोंडा घालून त्यात कापड दहा मिनिटं फिरवा. वर सुटी राहिलेली तुरटी निघून जाते. जुने रंगारी यासाठी शेणाचं पाणी वापरत. ते चालतं, पण वासाबद्दल शहरातली गिऱ्हाइकं बोलतात.

तुरटीचं पाणी फेकू नका. दुसऱ्या खेपेला अर्धीच तुरटी नव्याने घाला. तीन खेपांनंतर बदला.

मोरचूद शेतीमुळे प्रत्येक कृषी केंद्रात मिळते आणि तिने रंग पक्का होतो, हे खरं. तरी घेऊ नका. तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं. डायक्रोमेट (क्रोमियमचा विषारी क्षार) तर हातातही धरायचं नाही.

८. रंगाचं भांडं

एक किलो कापडाला सुका माल एवढा:

- पळसाच्या पाकळ्या: ८०० ग्रॅम ते १ किलो. उजळ पिवळा
- डाळिंबाची साल: २५० ते ३०० ग्रॅम. हिरवट पिवळा
- कांद्याची टरफलं: ४०० ग्रॅम. नारिंगीकडे झुकणारा
- झेंडूच्या पाकळ्या: ६०० ते ८०० ग्रॅम. दाट पिवळा
- बाभळीची साल, छाटणीची: ५०० ग्रॅम. बदामी ते तपकिरी

माल रात्रभर भिजवा. पळस आणि झेंडू ७०-८० अंशांवर पाऊण तास, साली आणि टरफलं तासभर उकळा. दोनदा गाळा. एक पाकळी जरी राहिली तरी ती कापडाला चिकटून ठसा सोडते. अर्क थोडा निवू द्या, मग ओलं कापड आत सोडा, हळूहळू ६५-७० अंशांवर न्या, तासभर हलवत राहा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. सावलीत वाळवा. पहिलं धुणं दोन दिवसांनी, रिठ्याच्या पाण्यात.

६० लिटरच्या गंजात तीन किलोपेक्षा जास्त कापड घालू नका. कापडाला हलायला जागा नसली की छटा फुटतात. म्हणजे एका खेपेत साधारण १८ मीटर. आता हिशेब करा: कोणी २०० मीटर एकाच छटेचं मागितलं तर अकरा-बारा खेपा, आणि प्रत्येक खेप किंचित वेगळी. अशी ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नका.

नीळ इथे मुद्दाम थोडक्यात. तिला हिरडा-तुरटी लागत नाही, उकळीही नाही. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ असं कोमट पाण्यात मिसळून ठेवतात. पाणी पिवळट-हिरवं झालं की कापड बुडवून हवेत काढतात, तेव्हा निळं होतं. पण भांडं सांभाळणं हे वेगळं कसब आहे. पिवळा-राखी पक्का जमल्यावरच त्याकडे वळा. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत खादी आणि वस्त्र विभाग आहे, प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा.

९. राखी आणि काळा

हिरडा दिलेलं कापड हिराकसाच्या पाण्यात गेलं की राखी ते काळं होतं. २० ग्रॅम हिराकस, २० लिटर पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर खंगाळणं. पिवळ्या कापडाला अर्ध्या मापाने दिलं तर मेंदीहिरवा येतो, आणि हा रंग शहरात चांगला खपतो.

४० ग्रॅमच्या वर कधी जाऊ नका. जास्तीचं लोखंड सूत कुजवतं. कापड आज छान दिसतं आणि वर्षभरात घडीवर फाटतं. जास्त काळा हवा असेल तर हिराकस वाढवू नका, हिरडा आणि हिराकस आलटून पालटून दोनदा द्या.

हिराकसाऐवजी लोखंडाचं पाणी घरीही होतं. एक किलो गंजलेले खिळे-पत्रे, २५० ग्रॅम गूळ, पाच-सहा लिटर पाणी, मडक्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात पंधरा-वीस दिवस. तोंडाला फडकं बांधा, घट्ट झाकण नको, आत वायू धरतो. उन्हाळ्यात लवकर होतं.

१०. विकण्याआधी तपासा

प्रत्येक नव्या छटेचा चार बोटांचा तुकडा घेऊन:

ऊन: अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर पंधरा दिवस. दोन भागांतला फरक लांबून दिसला तर ती छटा पडद्याला द्यायची नाही. पळस इथे कच्चा ठरतो, हळद त्याहून कच्ची. राखी-काळा आणि डाळिंब बरे टिकतात.

धुणं: पांढऱ्या कापडाला शिवून कोमट साबणपाण्यात अर्धा तास. पांढऱ्यावर डाग आला तर पुन्हा धुवा.

घासणं: कोरडं आणि ओलं पांढरं फडकं वीस-वीस वेळा.

लिंबू: एक थेंब टाकून पाहा. काळ्या-राखीवर फिकट ठिपका पडतो, हे ग्राहकाला आधी सांगा. घाम आणि लोणचं यांचीही हीच गत.

प्रत्येक खेपेचं कार्ड ठेवा: तारीख, कापडाचं वजन, माल कुठून आला, किती ग्रॅम, कोणतं पाणी, आणि शेजारी स्टेपल केलेला तुकडा. सहा महिन्यांनी तोच रंग मागायला कोणी आलं की हे कार्डच कामी येतं.

११. सांडपाणी

नैसर्गिक रंगाचं पाणी निरुपद्रवी असतं, हा गैरसमज. फुलांचं पाणी खरंच झाडांना चालतं. तुरटीचं आणि हिराकसाचं चालत नाही, ते आंबट असतं. ते वेगळ्या टाकीत जमवा, चुन्याची निवळी घालत पीएच ७ ते ८ वर आणा आणि रात्रभर निवळू द्या. खाली गाळ बसतो. तो सुकवून पोत्यात ठेवा, वावरात टाकू नका.

वरचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा. दिवसाला २०० लिटरसाठी वाफा २ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल. तळाला जाड ताडपत्री, तोंडाशी मोठे दगड, मध्ये २० मिलिमीटरची गिट्टी, एका चौरस मीटरला चार-पाच कर्दळी. गिट्टीच्या फटींत साधारण पाचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणी दोन-अडीच दिवस मुळांत राहतं. पाण्याची पातळी गिट्टीच्या वरच्या थराखाली ठेवा, वर आली की डास होतात.

कापड उकळलेल्या सोड्याच्या पाण्याचं काय? सोड्यातला क्षार कर्दळ शोषत नाही. काळ्या जमिनीत ते पाणी रोज एकाच जागी गेलं तर जमीन चोपण (क्षारामुळे घट्ट, पाणी न जिरणारी) होते. म्हणून सोडा मापातच घाला, खंगाळलेल्या पाण्यात मिसळून पातळ करा आणि जागा बदलत राहा. भाजीच्या वाफ्याला देऊ नका.

१२. तालुक्याच्या गावाशी जोडणी

नगरपंचायतीकडे तीन गोष्टी मागता येतात, आणि तीनही तिला स्वस्त पडतात.

पहिली, ओला कचरा वेगळा देणं. ज्यूस सेंटर, हॉटेल आणि मंदिरात तुमचे झाकणाचे डबे ठेवा, एक दिवसाआड उचला. डाळिंबाची साल तिसऱ्या दिवशी काळी पडते.

दुसरी, झाडं. रस्त्याकडेच्या लागवडीत गुलमोहर आणि काशीद लावण्याची रीत आहे. त्याऐवजी रुंद रस्त्याला आणि शाळेच्या आवारात पळस, मोकळ्या मैदानाला बेहडा, विजेच्या तारांखाली मेंदी आणि धायटीची झुडपं सुचवा. बेहडा प्रचंड वाढतो, त्याला तारांखाली लावलं की दरवर्षी मुंडकं छाटलं जातं. पळसाचं सोटमूळ खोल जातं आणि रोप हलवलेलं त्याला मानवत नाही, म्हणून मे-जूनमध्ये शेंगा गोळा करून पहिल्या पावसात बी जागेवरच टोका. बी जुनं झालं की उगवत नाही. पळस हळू वाढतो, हे अधिकाऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर दोन वर्षांनी तिथे दुसरं काही लावतात. शहरी हद्दीत फांद्या छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खाली पडलेलं झाडणं मात्र सफाईचंच काम, त्याची वेळ झाडूवाल्यांशी ठरवून घ्या.

तिसरी, इमारतीत कापडाचा वापर. अंगणवाडी, वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह यांच्या आतल्या पडद्यांना आणि आडोशांना हे कापड योग्य. उत्तरेच्या खिडकीला कोणतीही छटा चालेल, पश्चिमेच्या खिडकीला फक्त राखी-काळी किंवा न रंगवलेली. उघड्यावर मंडप किंवा सावलीचं छत म्हणून विकू नका. विदर्भातल्या उन्हात सूत कुजतं, पावसाळ्यात बुरशी धरते. तिथे बांबूची चटई किंवा वाळ्याचे पडदेच बरे.

१३. किंमत, नाव आणि लेबल

मीटरच्या किमतीत कापड, आटणं, हिरडा-तुरटी, जळण, फुलं खुडण्याची मजुरी आणि दहातला एक मीटर खराब जाणं, हे सगळं धरा. फुलं फुकट मिळतात म्हणून ती शून्याला लावणं ही नेहमीची चूक.

डिझायनरला एका रंगाच्या तीन छटांचं कार्ड द्या: फिकट, मध्यम, गडद. ‘या तीनच्या आत येईल’ असं लेखी ठरवा. मोबाइलच्या फोटोवर रंग कबूल करू नका.

लेबलवर ‘खादी’ लिहायचं असेल तर खादी मार्क हवा, २०१३ पासून तसा नियम आहे. हाताने विणलेलं आहे म्हणून ते आपोआप खादी होत नाही. कपाशी प्रमाणित सेंद्रिय नसेल तर ‘सेंद्रिय’ लिहू नका. माल कोणता, कोणत्या गावचा, तुरटी किंवा लोखंड वापरलं का, आणि उन्हात वाळवू नका, एवढं पुरे. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाखांची आहे, पण राज्याबाहेर विकायला लागलात तर त्याआधी सीएला विचारा.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारी: ठराव, परवाने, हिरडा-बेहड्याची खरेदी, पाण्याची चाचणी. फेब्रुवारी-मार्च: पळस गोळा करणं, सुकवणं. एप्रिल-मे: उन्हाच्या पिंपात अर्क, मुख्य रंगाई, छटांची कार्डं. जून: पळसाचं बी टोकणं, छपराचं पाणी साठवायची तयारी. जुलै ते सप्टेंबर: कापड वाळत नाही आणि गटातल्या बायका निंदणीला जातात, तेव्हा रंगाई बंद. या दिवसांत कर्दळीचा वाफा बांधा, हिशेब पुरा करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर: दसरा-दिवाळीचा झेंडू, त्याआधी नगरपंचायतीला पत्र द्यायला विसरू नका. झेंडू एकदम येतो, तेव्हा सुकवायच्या चटया दसऱ्याच्या आधीच दुप्पट करून ठेवा.